खासगी शाळेतल्या मुलाची एलडी (अध्ययन अक्षमता) तपासणी: कुणी करायची, कुठे करायची आणि कुठल्या भाषेत

प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका आईचा आहे. मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत, खासगी इंग्रजी शाळेत, सीबीएसई. बोलायला चुणचुणीत, दुकानातला हिशेब तोंडी करतो, पण वाचायला बसवलं की पोट दुखायला लागतं. शाळेने तोंडी सांगितलंय, "तपासून आणा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा." न्यू जर्सीत राहणारी नणंद म्हणते, तिकडे खासगी शाळेतल्या मुलाचीही तपासणी सरकार फुकट करतं. आपल्याकडे तसं आहे का, आणि सुरुवात कुठून करायची?

ताई, आधी नणंदेचं बोलणं घेऊ. ती बरोबर सांगते आहे, पण अर्धं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशी तरतूद आहे की खासगी शाळा ज्या सरकारी शाळा-जिल्ह्याच्या हद्दीत येते, त्या जिल्ह्याने तिथली मुलं शोधून त्यांची तपासणी मोफत करायची. पालकांनी लेखी संमती दिली की केंद्रीय नियमाने साठ दिवसांत, राज्याची मुदत वेगळी असेल तर त्या मुदतीत. मात्र तपासणी झाली म्हणजे पुढची सेवाही सरकारी शाळेतल्या मुलाइतकीच मिळेल, असा त्या खासगी शाळेतल्या मुलाचा स्वतंत्र हक्क नाही. हे नणंदबाई सांगायला विसरल्या असतील. माझ्याकडे मुलांच्या तपासणीसाठी तिकडचे व्हिडिओ बघून येणारे आईवडील पुष्कळ. शाळेत जाऊन तिकडचे शब्द टाकतात, मुख्याध्यापक गोंधळतात आणि पहिल्याच भेटीत वाकडं येतं. आपल्याकडचेच शब्द वापरा, ते पुरेसे आहेत.

आपल्याकडे खासगी शाळेच्या दारात कुणी सरकारी पथक आपणहून येत नाही. अंगणवाडी, जिल्हा परिषद शाळा आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर गाडी घेऊन जातात; विनाअनुदानित शाळा त्यांच्या यादीत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात बसतात, पण त्यांच्या फिरतीचा तक्ताही मुख्यतः सरकारी शाळांचा. म्हणून फी भरणाऱ्या घरातलं मूल मधल्या मध्ये राहतं. गावच्या शाळेतल्या शेजाऱ्याच्या पोराला कुणी तरी बघून जातं, तुमच्या पोराला कुणी बघत नाही. हे मी वीस वर्षं पाहते आहे आणि दर वर्षी चिडते.

तरीही शाळेला हात झटकता येत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये, सरकारने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या सर्व शाळांनी समावेशित शिक्षण द्यावं आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली खास अडचण, लवकरात लवकर ओळखून उपाय करावेत, असं आहे. त्यातला 'मान्यता' हा शब्द आपल्या कामाचा. कलमाची भाषा थोडी मऊ आहे, 'सरकारने प्रयत्न करावा' अशा थाटाची, हे खरं. पण त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या मऊ नव्हत्या. तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांतल्या शिक्षकांनी मुलांची प्राथमिक चाचपणी करायची. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेत समिती असायची. समितीने पालकांशी बोलून मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. मार्च २०२४ मध्ये या सूचना सुधारून निघाल्या, त्यामुळे दाखला देणाऱ्या सरकारी वैद्यकीय मंडळाकडे जाताना तिथे सध्या कोणती कागदपत्रं लागतात ते विचारून घ्या. म्हणजे 'तपासून आणा' म्हणण्याआधी शाळेनेच पहिलं पाऊल टाकायचं होतं.

सीबीएसईच्या संलग्नता नियमांत शाळेने विशेष शिक्षक नेमण्याची अट आहे. तुमच्या शाळेत तो आहे का, विचारा. पुष्कळ ठिकाणी तो कागदावर असतो आणि वर्गात चित्रकला शिकवत असतो.

तर सुरुवात पत्राने. फोनवर नको, वर्गशिक्षिकेच्या व्हॉट्सॲपवर तर नकोच. साध्या कागदावर, मराठीत किंवा इंग्रजीत, असं काहीसं:

"मा. मुख्याध्यापक यांस, माझा मुलगा (नाव, इयत्ता, तुकडी) याला दोन वर्षांपासून वाचन व लेखनात अडचण येत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील कलम १६ लक्षात घेऊन शाळेच्या समितीने त्याची प्राथमिक चाचपणी करावी, वर्गशिक्षकांची लेखी निरीक्षणे मला द्यावीत आणि पुढील तपासणीसाठी शिफारसपत्र द्यावे, ही विनंती."

दोन प्रती न्या. एक द्या, दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. क्लार्क म्हणेल, "ठेवून जा, मॅडम आल्या की देतो." तिथेच बसून राहा. पोच मिळाल्याशिवाय उठायचं नाही. हे पत्र भांडणासाठी नाही. शिक्षिकेने लेखी काय लिहून दिलं, ते मला तपासणीत हवं असतं. 'लक्ष देत नाही' आणि 'फळ्यावरचं उतरवताना प्रत्येक ओळीत दोन शब्द गाळतो' यांत माझ्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिक्षकांना काय लिहावं सुचत नसेल तर एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं ॲप आहे, त्यातल्या यादीवरून भरून द्यायला सांगा. ती यादी निदान करत नाही, पण निरीक्षण करायला शिकवते.

आणि 'दुसरीकडे बघा' याबद्दल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, खासगी शाळेलाही नाही. म्हणून शाळा काढत नाही, तुमच्याकडून अर्ज घेते. 'स्वेच्छेने दाखला मागत आहोत' असा कागद समोर आला तर सही करू नका, घरी विचार करून सांगतो म्हणा. मी अशा सह्या केलेल्या आयांना नंतर दोन-दोन वर्षं शाळा शोधत फिरताना पाहिलंय.

शाळा पत्राला उत्तर देईपर्यंत कान आणि डोळे. यात वाद नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे तुम्हाला जळगाव किंवा धुळे जवळ, नंदुरबारकडच्यांना नंदुरबार, कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या आणि नेत्र विभागात चष्म्याचा नंबर. 'त्याला ऐकू येतं हो, टीव्ही चालू झाला की धावत येतो,' असं म्हणू नका. सर्दीने कानात पाणी साठलेल्या मुलाला टीव्ही ऐकू येतो, पण 'त' आणि 'द' मधला फरक निसटतो.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लांब लिहायला बसले, ती गोष्ट. तपासणी कुठल्या भाषेत होणार?

तुमच्या घरात अहिराणी बोलत असाल, असं मी धरून चालते. मुलगा आजीशी अहिराणीत, वडिलांशी अहिराणी-मराठी मिसळून, शाळेत इंग्रजीत, आणि मोबाइलवर हिंदीत. त्याचं बुद्ध्यांक मापन होईल ते बहुधा मालिनच्या चाचणीवर किंवा कामतांच्या बिने चाचणीवर. मालिनची चाचणी नागपुरात बेतली गेली. कामतांनी आपली चाचणी १९३४ साली मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. दोन्हींत तोंडी प्रश्नांचा भाग मोठा आहे. आतले प्रश्न सांगत नाही, ते सांगायचे नसतात. पण कल्पना करा, तोंडी प्रश्न पुस्तकी मराठीत आला किंवा, त्याहून वाईट, इंग्रजी शाळा म्हणून इंग्रजीत आला. मूल गप्प बसतं. गप्प बसण्याला शून्य गुण.

२०१८ च्या सूचनांत बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच पुढची अध्ययन अक्षमतेची चाचणी करायची, असं होतं. म्हणजे भाषेने दहा गुण खाल्ले की मूल ८५ च्या खाली घसरतं, फाइलवर 'सीमारेषेवरची बुद्धी' असं लागतं आणि अध्ययन अक्षमतेच्या सरकारी दाखल्याची वाट तिथेच बंद. ना एलडी, ना मतिमंदत्व. ना घर का ना घाट का. आणि हे सगळं मुलाच्या मेंदूमुळे घडलं नाही, समोरच्या माणसाला अहिराणी येत नव्हती म्हणून घडलं.

हे मी दुसऱ्यांना शिकवते कारण मी स्वतः केलंय. काम सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. पारोळ्याकडचा एक मुलगा आला, तिसरीतला. मी मराठीतच विचारत होते, अगदी स्वच्छ, शाळेतल्यासारखं. तो नखं कुरतडत बसला. तोंडी भागात फार कमी गुण आले, मी तसाच अहवाल लिहिला. पुढे आठवड्याने अहवाल न्यायला आला आजीबरोबर, तेव्हा बाहेर बाकावर बसून तिला एसटीचं चाक रस्त्यात कसं बदललं ते सांगत होता. जॅक कुठे लावला, नट कुठल्या क्रमाने सोडवले, ड्रायव्हरने कुठली शिवी दिली, सगळं. आजीने मधे टोकलं तर म्हणाला, "माले बठ्ठं माहीत शे." (मला सगळं माहीत आहे.) मी दारात उभी राहून ऐकलं आणि हातातला अहवाल परत आत नेला. त्याच दिवशी पुन्हा तपासता येत नाही, सराव होतो. काही महिने थांबून, सूचना अहिराणीत देऊन पुन्हा बसवलं. आकडा बदलला. वाचनाची अडचण मात्र तशीच राहिली, कारण ती खरी होती.

म्हणून तपासणीची वेळ घेताना पहिला प्रश्न हा विचारा: "सूचना घरच्या भाषेत द्याल का, आणि तसं अहवालात लिहाल का?" दुसरा प्रश्न: भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी असल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक म्हणून व्यवसाय करता येत नाही. खानदेशात नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधावे लागतात, आणि 'ब्रेन मॅपिंग', 'बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता' असले फलक मात्र हायवेला लागून भरपूर. बोटांच्या ठशांवर पैसे घालवू नका. तेवढ्यात चांगली तपासणी होते.

वाचनाच्या बाजूलाही भाषा आहेच. इंग्रजीत मूल अडखळतं, ते डिस्लेक्सियामुळे (वाचनाच्या अध्ययन अक्षमतेमुळे) की घरी इंग्रजी नाही म्हणून? याचं उत्तर इंग्रजीच्या वहीत सापडत नाही, मराठीच्या वहीत सापडतं. २०२० च्या कायद्यापासून महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, तेव्हा तुमच्या सीबीएसईतही मराठीची वही असणार. ती आणा. पालक ती आणत नाहीत, 'मराठीला कोण विचारतं' म्हणून, आणि मला तीच पाहायची असते. देवनागरी दिसतं तसं वाचता येतं, त्यामुळे मराठी ठीक वाचणारं आणि फक्त इंग्रजीत अडणारं मूल बहुधा शिकवण्याच्या अडचणीत असतं. दोन्हींत अडत असेल तर माझे कान टवकारतात. पण इथेही फसगत होते: काही मुलं मराठी बरोबर वाचतात, मात्र एकेक अक्षर जोडत, दमत, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतात. म्हणून चुका मोजण्याबरोबर वेळही मोजायचा. 'कर्म' आणि 'क्रम' एकच वाटतं का, रफार कुठल्या अक्षरावर ठेवतो, 'सूर्य' लिहिताना काय गळतं, हे बघायचं.

आणि काय चूक धरायची नाही, तेही. पोराने 'शाळा'ऐवजी 'शाया' लिहिलं, 'डोळा'चं 'डोया' केलं, 'पाणी'चं 'पानी' केलं, तर ती अक्षमता नव्हे. आपल्याकडे तसंच बोलतात. जळगावकडचं लेवा पोर 'केळी'ला 'केयी' म्हणतं आणि तसंच लिहितं. बाहेरगावचा तपासनीस लाल पेनाने सगळ्या खाली रेघा मारतो आणि चुकांची बेरीज वाढते. मी अशा चुका वेगळ्या रकान्यात ठेवते. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडून नामांकित इंग्रजी निवासी शाळांत आदिवासी विकास विभागामार्फत आलेली मुलं तर याहून अवघड जागी असतात. घरी पावरी किंवा भिली, मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी. त्यांच्या भाषेत प्रमाणित चाचणीच हाती नसते. तिथे मी आकड्यावर निकाल देत नाही, काही आठवडे शिकवून बघते आणि किती पुढे सरकतं ते लिहिते.

आठ ते बारा वयासाठी आपल्याकडे निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला चालते, तुमच्या मुलाचं वय त्यात बसतं. शिवाय राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही केली आहे, प्राथमिक वर्गांसाठी. तपासणारा ती वापरत असेल तर चांगलंच.

तपासणीला दोन-तीन बैठका लागतात. एका दिवसात, एका तासात 'सगळं' करून देणाऱ्याकडे जाऊ नका. सकाळची वेळ घ्या. एप्रिल-मेमध्ये अमळनेरहून दुपारच्या एसटीने, उन्हात, उपाशी आलेलं मूल माझ्यासमोर बसवलं तर मी फक्त ऊन मोजते.

यातून हाती येईल तो अहवाल. दाखला वेगळा, आणि इथे लोक सर्वाधिक गोंधळतात. खासगी अहवालाने शिकवायला मदत होते, शाळेशी बोलता येतं. पण परीक्षेतल्या सवलतींसाठी लागतो तो सरकारी वैद्यकीय मंडळाचा दाखला. त्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज करा. जून २०२१ पासून दाखले ऑनलाइनच निघतात. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, शाळेचं शिफारसपत्र आणि अहवाल जवळ ठेवा. मग रुग्णालयात फोन करून विचारा की अध्ययन अक्षमतेचं मंडळ कुठल्या वारी बसतं आणि त्या वारी मानसशास्त्रज्ञ हजर असतात का. दुसरा प्रश्न विसरू नका. हाडांचे डॉक्टर आहेत पण मानसशास्त्रज्ञ रजेवर, असं होऊन लोक परत जातात. मंडळ स्वतःची चाचणी घेऊ शकतं. तुमचा अहवाल ताजा असेल तर त्यांनाही तीच चाचणी लगेच पुन्हा घेता येत नाही, म्हणून काय झालंय ते आधीच दाखवा. तिथेही भाषेचा प्रश्न नम्रपणे काढा: "साहेब, हा घरी अहिराणी बोलतो." बहुतेक वेळा तिथल्या सिस्टरच मदतीला येतात, त्याही इथल्याच असतात.

इथे अडलं तर मुंबईचा रस्ता आहे. शीव, नायर आणि केईएम रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची केंद्रं जुनी आहेत. महाराष्ट्राने १९९६ पासून दहावी-बारावीला अशा मुलांना सवलती दिल्या, तेव्हापासून त्यांच्याकडे रीघ आहे. पण मुंबईत अहिराणी कोण ऐकणार? मी शक्यतो इथेच करा म्हणते.

दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो, आणि २०१८ च्या सूचनांप्रमाणे चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. दहावीत तीन तासांच्या पेपरला तासामागे वीस मिनिटं जादा, लेखनिक, भाषेची सूट, असं सीबीएसईत मिळतं. राज्य मंडळातही सवलती आहेत. तिथले अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातात. पण दहावीची वाट बघत बसायचं नाही. अधिनियमाच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे बदल नाव घेऊन लिहिले आहेत, आणि तिथे दहावी असा शब्द नाही. चौथीच्या घटक चाचणीत त्याचा तोंडी हिशेब तोंडी तपासायला कुठल्या दाखल्याची गरज आहे?

शाळेला आणखी एक आठवण करून द्या. दर वर्षी प्रत्येक मान्यताप्राप्त शाळा यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत विशेष गरजा असलेल्या मुलांची माहिती भरते. तुमच्या मुलाच्या नावापुढे आज 'नाही' गेलेलं असेल. शाळेने दोन महिन्यांत काहीच केलं नाही तर पोच घेतलेल्या पत्राची प्रत जोडून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना लिहा, आणि त्यानेही हललं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना. माझ्या अनुभवात पहिल्या पत्रालाच शाळा बोलवून घेते. पोच हातात आहे हे दिसलं की आवाज खाली येतो.

आणि येताना मुलाच्या वडिलांना बरोबर आणा. 'ते म्हणतात आळशी आहे, पट्टी पडली की वाचेल,' असं प्रश्नात लिहिलं नसलं तरी दहांतल्या सात घरांत हेच असतं. वाचनाची ही अडचण घराण्यात चालते, म्हणून मी वडिलांना विचारते, तुमचं शाळेत कसं होतं? ते हसतात, विषय बदलतात. मग मी संमतीपत्र पुढे करते. एक पान, मराठीत, मोठ्या टाइपात. कितीतरी बाप ते बायकोकडे सरकवतात आणि म्हणतात, "तू वाच गं, चष्मा घरी राहिला."